मुकी बारी

लालबाग, २ एप्रिल

प्रिय रुपाली,

आधी दार लावून घे, मग वाच. तुझ्या बंगळुरूच्या घरात त्याची गरज नसेल, पण मला इथे सवय लागली आहे. आपल्या चाळीत फोनवर कुजबुजलं तरी तिसऱ्या खोलीतून सल्ला येतो, म्हणून ही मेल. दिवाळीत तूच तुझा जुना लॅपटॉप इथे टाकून गेलीस, त्यात ते लिनक्स घातलंस, वहिनीला मराठी टाईप करायला शिकवलंस. आता भोग.

बातमी अशी की तुझी वहिनी बुवा झाली आहे. आपल्या महिला भजन मंडळाच्या बुवा गावी कायमच्या गेल्या, आणि पेटीसमोर कोणी बसायचं यावर इतका वाद झाला की शेवटी ज्या बाईने वादात तोंडच उघडलं नव्हतं तिला बसवलं. ती मी. आणि लगेच पुढची बातमी. आपल्या केबलवाल्याचं जे लोकल चॅनल आहे, ज्यावर आई रोज सकाळची आरती बघतात, ते हनुमान जयंतीला परळच्या एका हॉलमधून बायकांची डबलबारी लाईव्ह दाखवणार आहेत. सवालजवाबात आमच्या मंडळासमोर वरळीच्या राधा बुवा. त्या वीस वर्षं बारी करतात आणि समोरच्याला असं हसतहसत सोलतात की त्याला घरी गेल्यावर कळतं.

आणि मी. हॉस्पिटलात केस पेपरच्या खिडकीवर बसणारी.

गवळण मी स्वतः रचली आहे. बाजारातून परत येणारी गवळण कान्ह्यालाच सुनावते, की बाबा, तू उशीर केलास, सगळं विकून झालं:

बाजार हा उठून गेला, माठ माझा रिता,
अडवून वाट, कान्हा, तुला काय मिळे आता

भांडी घासताना पाठ करते, खिडकीवर माणसं नसली की पाठ करते. परवा एका आजोबांना वय विचारायच्या ऐवजी जवळजवळ चालीत विचारलं.

फक्त आई बोलत नाहीत. म्हणजे मीठ कमी आहे, दूध उतू जातंय, हे बोलतात. बारीबद्दल नाही. पहिल्या दिवशी एकदाच म्हणाल्या की देवळात टाळ वाजवणं वेगळं आणि चारचौघांत बसून सवालजवाब करणं वेगळं, उद्या लोक नावं ठेवतील ती घराला ठेवतील. मी गुणगुणायला लागले की उठून गॅलरीत जातात. मला त्या राधा बुवांची भीती नाही तेवढी आईंच्या त्या उठण्याची आहे. तुला तर माहीत आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात जे काही केलं त्यावर त्या काहीतरी बोलल्या आहेत. हेच एक आहे ज्यावर त्या गप्प आहेत.

तर मागणं असं. चॅनलवाले काही जपून ठेवत नाहीत, दाखवलं की गेलं. हॉलमध्ये मोबाईल बाहेर ठेवून जायचं आहे. तू इतकी शिकलेली, टीव्हीवरचं या लॅपटॉपमध्ये उतरवता येतं का ते सांग. आई आत्ता बघणार नाहीत. पण पुढे कधी त्यांचा राग निवला, श्रावणात म्हण, गणपतीत म्हण, तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी हवं.

तुझी,
अंबिका (बुवा)


बंगळुरू, ३ एप्रिल

वहिनी बुवा,

दार लावलं होतं तरी शेजारच्या कन्नड काकूंनी बेल वाजवून विचारलं, काय झालं. मी इतक्या जोरात ओरडले.

उतरवता येतं. आपल्याकडे केबलचा तो जुना बॉक्स आहे ना, ज्याच्या मागून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना टीव्हीला जातात? मी एक छोटं यंत्र कुरिअर करते आहे. त्याला कॅप्चर म्हणतात, दिसायला पेन ड्राईव्हसारखं, फक्त शेपटीला तीन भोकं. टीव्हीच्या पिना काढायच्या, त्या या भोकांत घालायच्या, दुसरं टोक लॅपटॉपला. मग टीव्ही बंद राहील आणि चॅनल लॅपटॉपवर दिसेल. पिवळी म्हणजे चित्र, लाल-पांढरी म्हणजे आवाज. लिनक्स बिचारं गुणी आहे, यंत्र लावलं की आपणहून ओळखतं, सीडी-बिडी काही लागत नाही.

शेजारी कोणाकडे जाऊन बघा म्हटलं असतं, पण दादा म्हणाला की मजल्यावर सगळ्यांनी डिश लावल्या आणि लोकल केबल फक्त आपल्याकडे उरली, तीही आईच्या आरतीमुळे. म्हणजे बघ, आईचीच कृपा.

आईचं मनावर घेऊ नको, असं मी म्हणणार नाही, कारण तू घेणारच. मीही घेते. इंजिनीअरिंगला गेले तेव्हा तिने माझ्याशी असंच मीठ-दुधाचं बोलणं ठेवलं होतं. निकाल लागला त्या दिवशी मात्र पेढे घेऊन सगळा मजला फिरली, माझ्या आधी.

गवळण पाठव म्हणणार नाही. रेकॉर्डिंगमध्येच ऐकेन.

रुपाली


लालबाग, ७ एप्रिल

प्रिय रुपाली,

तुझं गुणी लिनक्स.

यंत्र आलं. तुझ्या दादाने पिना लावल्या, मी तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेला प्रोग्राम उघडला, आणि टीव्हीच्या जागी मी दिसले. खरंच. केस विस्कटलेली, चष्मा नाकावर, मागे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. तुझा दादा म्हणाला, अगं, कार्यक्रम तर आजच सुरू झाला. शेजारची दीपिका धावत आली. तिने शेजारच्या शामराव काकांना हाक मारली, आणि काका आल्या आल्या स्क्रीनसमोर उभे राहून भांग पाडायला लागले. त्यांना वाटलं चॅनलवाल्यांनी घरात कॅमेरा बसवला. काकूंनी विचारलं, मी दिसते का. मग सगळ्यांनी आळीपाळीने टीव्हीवर येऊन घेतलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, पण पदर नीट केला, ते मी पाहिलं.

मग दीपिकाने यादीतलं दुसरं काहीतरी दाबलं. ती पार्लर चालवते, तिला बटणांची भीती नाही. तर चॅनल आलं. पण काळं-पांढरं, आणि वरून खाली असं वाहतंय, की निवेदिकेचं डोकं खाली आणि पाय वर. शामराव काका म्हणाले हे भारी आहे, तिची साडी आधी दिसते.

घाई कर. बारीला पाचच दिवस उरलेत.

अंबिका


बंगळुरू, ८ एप्रिल

वहिनी,

मीटिंगमध्ये तुझी मेल उघडली. मी खोकल्याचं नाटक करून बाहेर पडले.

ऐक. लॅपटॉपला स्वतःचा कॅमेरा आहे, तो यादीत 'व्हिडिओ शून्य' आहे. आपलं यंत्र 'व्हिडिओ दोन'. तेच निवड, नाहीतर बारीच्या दिवशी शामराव काका भांग पाडताना रेकॉर्ड होतील. काळं-पांढरं आणि वाहणारं चित्र म्हणजे त्याने आपला टीव्ही अमेरिकेचा समजला आहे. खाली एक खूण आहे, तिथे 'पॅल' निवड. रंग येतील, पाय खाली जातील.

आवाजाचं खातं वेगळं आहे. तिथे यादीत जे पहिलं नाव असेल ते घे. लॅपटॉपचा स्पीकर गेल्या गणपतीतच गेला आहे, त्यामुळे तुला ऐकू काही येणार नाही. पण खाली हिरवी पट्टी नाचत असेल तर समज, आवाज आत जातोय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मोठ्या अक्षरात लिहून लॅपटॉपवर चिकटव: एकदा लाल बटण दाबलं की वायर काढायची नाही. काही होवो, पंखा पडो, पाहुणे येवोत. मध्ये वायर निघाली तर जे झालं तेही जाईल आणि पुढचंही.

रुपाली


लालबाग, ११ एप्रिल

रुपाली,

रंग आले. पाय खाली गेले. हिरवी पट्टी इतकी नाचते की तिलाच मंडळात घ्यावं.

उद्या संध्याकाळी बारी. पेटी उचलायला तुझा दादा माझ्याबरोबर हॉलवर येतोय, लाल बटण दीपिका दाबणार आहे. तुझी सूचना मी खडूने पाटीवर लिहून लॅपटॉपमागे उभी केली आहे. घरात फक्त आई असतील, आणि त्यांनी आजच सांगितलं, 'माका काय्येक बघूचा नाय.' तेव्हा आवाज येत नाही याचं काही बिघडत नाही. ऐकणार कोण आहे?

केशरी साडी नेसते आहे. नमस्कार करून निघेन तेव्हा त्या काही बोलल्या तर तुला कळवते.

अंबिका


लालबाग, १३ एप्रिल

प्रिय रुपाली,

नमस्कार केला. त्या म्हणाल्या, येताना लिंबं आण.

बारी झाली. आधी चांगलं सांगते. सुरुवात बरी झाली, गजराला हॉल उठला. राधा बुवांनी मला 'खिडकीवरच्या बाई' म्हणून चिमटा काढला, की खिडकीतून वैकुंठ दिसत नसतं. मी उत्तर दिलं की आम्ही आधी नंबर देतो, मग वैकुंठ. लोक हसले, त्याही हसल्या. बारी बरोबरीत सुटली आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं.

आता वाईट. गवळणीत मी अडले. माझीच गवळण, माझेच शब्द, आणि दुसऱ्यांदा ध्रुवपदावर येताना डोक्यात पांढरं झालं. पखवाजवाल्या बाईकडे बघत राहिले. ती बिचारी वाजवत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर माझं सगळं आयुष्य त्यात गेल्यासारखं वाटलं. मग कसंतरी आठवलं आणि सुटले.

घरी आले तर अख्खा मजला आपल्या खोलीत. मी दारात उभी राहिले. मग काकूंनी तोंडाला पदर लावला, शामराव काका छताकडे बघायला लागले, दीपिका हसू दाबत चपला शोधायला लागली. एकेक करून निघून गेले. कोणी म्हणालं नाही की छान झालं. कोणी म्हणालं नाही की अडलीस. आई स्वयंपाकघरात कोकमं निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, लिंबं आणलीस? मी विसरले होते.

मी दीपिकाला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, ताई, आवाजच नव्हता. नुसतं चित्र. मग तीही पळाली.

म्हणजे सगळ्यांनी मला मुक्याने अडताना बघितलं. त्यावर हसले. आणि आईंनी ते हसणं ऐकलं. त्या म्हणाल्याच होत्या की लोक नावं ठेवतील.

फाईल आहे लॅपटॉपमध्ये. मी उघडली नाही. पुसून टाकू का, एवढं सांग.

अंबिका


बंगळुरू, १३ एप्रिल, लगेच

वहिनी,

हात लावू नको. मला पाठव, आहे तशी.

हिरवी पट्टी नाचत होती असं तूच लिहिलं होतंस. ती उगाच नाचत नाही. काहीतरी आत गेलंय.

रुपाली


बंगळुरू, १६ एप्रिल

वहिनी,

काल तुझी फाईल आली आणि तेव्हापासून मी कामाची नाही. आज जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून ऑफिसच्या जिन्यात पुन्हा बघायला बसले. दोन जणांनी विचारलं की घरी सगळं ठीक ना. मी हसत होते की रडत होते ते त्यांना कळेना, मलाही नाही.

आधी माझी चूक. यादीतलं पहिलं नाव घे म्हणाले, ते यंत्राचं नव्हतं. ते लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकचं होतं. म्हणजे चित्र हॉलमधलं आलं आणि आवाज आला तो आपल्या खोलीतला.

आता ऐक, काय आलंय ते. तू केशरी साडीत पेटीवर. तोंड उघडतेस, आणि ऐकू येतो आपला पंखा. मग दीपिका विचारते, आवाज कुठे गेला. खुर्च्या सरकतात, बहुतेक सगळा मजला जमला आहे. शामराव काका म्हणतात, काढा ती वायर, टीव्हीला लावा, निदान ऐकू तर येईल. सगळे हो म्हणतात. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराकडून आई:

"वायरीक हात लावल्यात तर बघा. रुपालीन बजावल्यान हा. वायर काढल्यात तर अंबिकाचा सगळा जातला."

काका कुरकुरतात, मग काय मुकी बारी बघायची? आई म्हणते, होय, मुकी बघायची. आणि तिचा आवाज आता जवळून येतो. म्हणजे ती पुढे येऊन बसली आहे.

बराच वेळ सगळे नुसते बघत राहतात. काकू म्हणतात, कुठली चीज चाललीय तेही कळत नाही. आई म्हणते, गवळण. तिला कसं कळलं, कोणी विचारत नाही. मग कोणीतरी गुणगुणायला लागतं. आधी मला वाटलं पंखाच. मग शब्द कळले.

बाजार हा उठून गेला, माठ माझा रिता.

वहिनी, तुझं तोंड हलतंय आणि त्यातून आईचा आवाज येतोय. सुरुवातीला ती तुझ्या मागे राहते, तुझ्या ओठांकडे बघून म्हणते आहे ना. दुसऱ्या ओळीला तुला गाठते. काका कुठलातरी डबा वाजवायला लागतात, तोही आडवातिडवा. मजला मागून झील धरतो. दीपिका नको तिथे टाळी देते आणि आई गाता गाता तिला दटावते. अख्खी खोली तुझ्यामागे गात होती आणि तू तिकडे परळला होतीस.

मग तू अडतेस. दिसतं ते. तू पखवाजवाल्या बाईकडे बघतेस. आणि इथे आईही थांबते. डबा थांबतो. कोणी हसत नाही, वहिनी. मी कान देऊन ऐकलं, एक माणूस हसत नाही. मग आई, अगदी माईकला तोंड लागलं असावं इतक्या जवळून, हळूच:

"थांबा नको गो. बाजार हा म्हण. बाजार हा..."

आणि तू म्हणतेस. मला माहीत आहे, तुला तिकडे काही ऐकू आलं नाही. तरी पुन्हा पुन्हा बघितलं, आणि दर वेळी तिने सांगितल्यावरच तुला आठवतं.

शेवटी ती सगळ्यांना शपथ घालते. अंबिकाक सांगल्यात तर परत ह्या घराक पाय लावू नकात. म्हणून ते छत आणि चपला.

आता एक सांग. ही गवळण तू रचलीस. कुठे छापली नाही, याआधी कुठे म्हटली नाहीस. तू गुणगुणलीस की आई गॅलरीत जात होती. मग तिला ती शेवटच्या ओळीपर्यंत पाठ कशी?

फाईल उघड. हेडफोन लाव.

रुपाली


लालबाग, १८ एप्रिल

प्रिय रुपाली,

दीपिकाचे इअरफोन मागून आणले. ती चौदा तारखेला भीमजयंतीला नेसलेली पांढरी साडी धुऊन वाळत घालत होती. माझ्या हाताकडे बघितलं आणि दोरी सोडून हसत खाली बसली, म्हणाली, कळलं वाटतं एकदाचं, माझं पोट दुखायला लागलं होतं.

मी गॅलरीत उभी राहून ऐकलं. तू सांगितलंस तसंच आहे. फक्त एक गोष्ट तू लिहिली नाहीस. आईंनी तिसरं कडवं म्हटलं आहे, ते मी म्हटलंच नव्हतं. वेळ संपत आली म्हणून गाळलं. मी पेटी मिटतेय आणि त्या अजून गातायत. शिवाय ते कडवं मी मंडळातही कधी म्हटलं नाही. ते फक्त आपल्या मोरीत म्हटलंय, भांडी घासताना. आपली गॅलरी आणि मोरी यांच्यामध्ये एक जाळी आहे, हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या लक्षात आलं नाही. त्या उठून जात नव्हत्या ग. ऐकू येईल अशा जागी जात होत्या.

मग मी ठरवलं की लपवायचं नाही. दुपारी त्या लवंडल्या होत्या, मी त्यांना उठवून बसवलं, लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि कानात इअरफोन घातले. आधी रागावल्या, कानात काय घालतेस. मग चित्र सुरू झालं आणि हलायच्या थांबल्या. मला वाटलं शपथ मोडली म्हणून मजल्यावर आकांत होणार. त्यांनी मलाच विचारलं, ही गवळण कोण म्हणता? मी सांगितलं, तुम्ही. त्यांनी स्वतःला पहिल्यांदाच ऐकलं असणार. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावलं. डोळे पुसले आणि शामराव काका डबा वाजवतात की फोडतात असं म्हणाल्या. मी अडते ती जागा आली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, माझा हात तेवढा धरला.

संपलं तेव्हा इअरफोन काढून विचारलं, ह्यात तुझा आवाज कुठे आहे. मी म्हटलं, आला नाही आई. नुसता खोलीतलाच आला. त्यांचा चेहरा पडला. तेव्हा मला कळलं की त्या सगळ्या गर्दीत माझी बारी कोणी ऐकलीच नव्हती, त्यांनीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या,

"मगे तू म्हटलंस कसा, ता माका कसा कळतला?"

मी पेटी काढली. खोलीत कोणी नव्हतं, दीपिका दारात होती ती आपणहून आत आली नाही. मोरीत म्हणते तसं हळू नाही, हॉलमध्ये म्हटलं तसं म्हटलं. त्या समोर बसल्या, मांडी घालून, डोळे मिटून. उठून गॅलरीत गेल्या नाहीत. मी अडले नाही. तिसरं कडवंही म्हटलं.

झाल्यावर डोळे उघडले. मग म्हणाल्या, "पट्टी वायच वर गेली. पण बरा म्हटलंस."

लॅपटॉप तिथेच उघडा होता. लाल बटण दाबायचं मला सुचलंही नाही, आणि आता वाटतं, बरं झालं. हे तुला पाठवता येणार नाही. ऐकायचं असेल तर ये.

अंबिका